जेनेसिस सोडल्यानंतरचा पीटर गेब्रिएल: कुठून सुरुवात करायची आणि कसं ऐकायचं

'सॉल्सबरी हिल' हे गाणं लावा आणि मांडीवर बोटांनी मात्रा मोजा. चार-चार मोजत गेलात तर दुसऱ्याच आवर्तनात घसराल. मी कितीतरी दिवस घसरत होतो. माझी बहीण लहानपणी तबला शिकायची. एकदा तिनं माझ्या कानातला एक इअरफोन काढून स्वतःच्या कानात घातला, दोन आवर्तनं ऐकली आणि म्हणाली, "दादा, सात मात्रा आहेत. रूपकाएवढ्या." तेव्हा कुठे ते गाणं मला सापडलं. ती ती ना, धी ना, धी ना हे बोल मात्र त्यावर बसवायला जाऊ नका, वजन वेगळ्या ठिकाणी पडतं. सारख्या आहेत त्या फक्त मात्रा. बेस ड्रम सरळ चालत राहतो, म्हणून पाय आपोआप ठेका धरतो आणि सातवी मात्रा कधी संपली ते कळत नाही. ध्रुवपदाच्या शेवटी दोन आवर्तनं चार-चार मात्रांची येतात आणि तिथे मोकळ्यावर आल्यासारखं वाटतं.

१९७७ सालचं हे गाणं एका गायकानं आपला बँड सोडल्याबद्दल आहे. इंग्लंडमधल्या बाथ शहराजवळ या नावाची टेकडी खरोखरच आहे. पीटर गेब्रिएलच्या एकट्याच्या कामात शिरायला याहून चांगलं दार मला माहीत नाही.

त्यापुढे मात्र लोक गोंधळतात. पहिल्या चार अल्बमचं नाव एकच, 'पीटर गेब्रिएल'. पुढच्यांची नावं दोन-तीन अक्षरांची. मध्येच चित्रपटांचं संगीत, मध्येच दहा आणि एकवीस वर्षांच्या खोल दऱ्या. म्हणून मला जमलेला क्रम इथे सांगतो. रोज एक अल्बम असं करू नका. आठवड्याला एक पुरे, आणि तोही निदान दोनदा.

आधी एवढं माहीत असू द्या

जेनेसिस हा बँड १९६७ साली सरे परगण्यातल्या चार्टरहाउस शाळेतल्या मुलांनी सुरू केला. गेब्रिएल त्याचा गायक. लांबलचक गाणी, त्यांत गोष्टी, आणि मंचावर वेशांतर: कधी लाल झगा आणि कोल्ह्याचं डोकं, कधी चेहऱ्याभोवती फुलाच्या पाकळ्या. १९७४ साली 'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' हा दुहेरी अल्बम आला. त्याची कथा आणि जवळजवळ सगळे शब्द गेब्रिएलचे. त्याच वर्षी त्याची पहिली मुलगी जन्मली आणि सुरुवातीला तिची प्रकृती फार नाजूक होती. घर की बँड अशी ओढाताण सुरू झाली, बँडमध्येही धुसफूस होती. दौरा चालू असतानाच त्यानं सोबत्यांना सांगून टाकलं, पण ठरलेले कार्यक्रम मे १९७५ पर्यंत पूर्ण केले. ऑगस्टमध्ये बातमी जाहीर झाली तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. जेनेसिस काही बुडालं नाही. ड्रम वाजवणारा फिल कॉलिन्स गायला लागला आणि बँड आणखी मोठा झाला.

पुढचं सगळं ऐकताना एक प्रश्न मनात धरा: या अल्बममध्ये त्यानं काय सोडलंय? बँड सोडला, मग अल्बमला नाव देणं सोडलं, मग झांजा सोडल्या, पुढे एकदा ड्रम आणि गिटारही सोडली. काय घेतलं ते कान आपसूक टिपतात, काय टाकलं ते शोधावं लागतं. माझ्या मते त्याचं संगीत उलगडतं ते इथेच.

पहिली पायरी: 'सो'

सुरुवात 'सो'पासून करा. १९८६ चा हा पाचवा अल्बम, निर्माता डॅनियल लान्वा आणि स्वतः गेब्रिएल. जाणकार मंडळी याला 'सोपा' म्हणून बाजूला सारतात, ते मला पटत नाही. घरात पाहुणा येतो तो पुढच्या दारानं, परसदारानं नाही.

पहिलं गाणं 'रेड रेन'. सुरुवातीला पावसाची बारीक भुरभुर ऐकू येते. ती हाय-हॅट आहे, म्हणजे पायानं उघडझाप करायची झांजांची जोडी, आणि ती वाजवली आहे 'द पोलीस' बँडच्या स्टुअर्ट कोपलँडनं. हा आवाज लक्षात ठेवा, दुसऱ्या पायरीवर त्याची गरज लागेल.

'स्लेजहॅमर' तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेलच. १९८६ च्या जुलैमध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि त्यानं खाली ढकललेलं गाणं होतं 'इनव्हिजिबल टच'. कोणाचं? जेनेसिसचं! 'स्लेजहॅमर'चा व्हिडिओ जरूर पाहा, पण गाणं एकदा ऐकून झाल्यावर. एकेक चौकट सुटी टिपून तो बनवलाय आणि त्यासाठी गेब्रिएल सोळा तास काचेखाली पडून होता.

'डोन्ट गिव्ह अप'मध्ये केट बुश त्याच्यासोबत गाते. काम गेलेला माणूस आणि त्याला धीर देणारं कुणीतरी. १९३० च्या दशकातल्या अमेरिकी मंदीत डोरोथिया लँगनं काढलेल्या छायाचित्रांवरून हे गाणं सुचलं, पण ते लिहिलं गेलं ब्रिटनमध्ये बेकारी वाढलेली असताना. शब्दांकडे लक्ष देऊन ऐका. आमच्या ओळखीत गिरणी बंद पडलेली घरं होती. हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला न्यूयॉर्क-लंडन काही दिसलं नाही, दुपारी बारा वाजता घरी बसून असलेले काका दिसले.

आणि 'मर्सी स्ट्रीट'. कवयित्री अ‍ॅन सेक्स्टनवरचं हे गाणं रात्री, दिवे घालवून, हेडफोन लावून ऐका. दोन आवाज एकत्र चाललेत: एक नेहमीचा, दुसरा त्याच ओळी एक सप्तक खाली म्हणणारा. खालचा आवाज जवळजवळ श्वासच आहे. ब्राझीलमध्ये मुद्रित केलेली तालवाद्यं मुद्दाम संथ केली आहेत, त्यामुळे ताल पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. तीन-चारदा ऐकल्याशिवाय खालचा आवाज वेगळा पकडता येत नाही. तो एकदा पकडला की मग वरचा आवाज एकटा ऐकूच येत नाही.

एक व्यवहाराची सूचना. 'इन युअर आइज' हे गाणं मूळ तबकडीवर दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला होतं, कारण त्यातल्या जाड खर्जाला तबकडीवर रुंद चर लागतात आणि बाजू संपताना तेवढी जागा उरत नाही. ते शेवटी यावं अशी गेब्रिएलची इच्छा होती आणि नंतरच्या आवृत्त्यांत तसं झालं. तुमच्या अ‍ॅपवर ते मधे असेल तर आधी सोडून द्या आणि शेवटी लावा. सेनेगलचा यूसू एनदूर वोलोफ भाषेत गात येतो त्यानंतर खरोखरच काही ऐकावंसं वाटत नाही.

दुसरी पायरी: तिसरा अल्बम, सावकाश

अ‍ॅपवर आता बिननावी चौघांना ओळखीसाठी टोपणनावं जोडलेली दिसतात, ती मुखपृष्ठांवरून पडली: 'कार', 'स्क्रॅच', 'मेल्ट'. चौथ्याला अमेरिकेतल्या कंपनीनं 'सिक्युरिटी' म्हटलं. अल्बम म्हणजे मासिकाचे अंक, नाव एकच आणि चित्र बदलतं, अशी त्याची कल्पना होती. चारही मुखपृष्ठांवर त्याचा चेहरा झाकलेला, ओरबाडलेला किंवा वितळलेला आहे. 'सो'वर तो पहिल्यांदा सरळ आपल्याकडे बघतो.

'सो'वरून थेट १९८० च्या 'मेल्ट'वर या. हा माझ्या दृष्टीनं त्याचा सर्वांत महत्त्वाचा अल्बम, म्हणून इथे दोन आठवडे काढा.

'इन्ट्रूडर' लावा. पहिल्या दहा सेकंदांत फक्त ड्रम आहेत, फिल कॉलिन्सनं वाजवलेले. होय, तोच फिल कॉलिन्स. बँड सोडला तरी माणसं सोडली नव्हती. आता 'रेड रेन'ची ती भुरभुर आठवा आणि इथे शोधा. सापडणार नाही. या अख्ख्या अल्बमवर झांजा वाजवायच्या नाहीत असा गेब्रिएलचा दंडक होता. धातूची चमचम गेली आणि चामड्याचा आवाज तेवढा उरला.

पण तो आवाज असा विचित्र का? लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत वादकांचं बोलणं आतल्या खोलीत ऐकू यावं म्हणून एक माइक टांगलेला होता. लांबचं कुजबुजणंही ऐकू यावं म्हणून त्याच्या यंत्रणेत हळू आवाज उचलला जाई आणि मोठा दाबला जाई. कॉलिन्स ड्रम वाजवत असताना तो माइक चालू राहिला आणि एक राक्षसी आवाज आला. ध्वनिमुद्रक ह्यू पॅडम आणि निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट यांनी त्यापुढे 'गेट' जोडलं, म्हणजे आवाज ठरावीक पातळीच्या खाली उतरला की दार धाडकन बंद. मोठ्या ढोलावर थाप पडली की नंतर हवेत घुमारा राहतो ना, तो इथे कात्रीनं कापल्यासारखा तुटतो. थाप प्रचंड आणि लगेच शांतता. पुढच्या वर्षी कॉलिन्सनं हाच आवाज स्वतःच्या 'इन द एअर टुनाइट'मध्ये वापरला आणि ऐंशीचं दशक त्यानं व्यापलं. आपल्याकडच्या त्या काळातल्या सिनेगीतांतले इलेक्ट्रॉनिक ड्रम आठवले तरी त्याचं सावट जाणवेल.

मग 'फॅमिली स्नॅपशॉट' ऐका, 'गेम्स विदाउट फ्रंटियर्स' ऐका (इथेही केट बुश आहे, फ्रेंच शब्द गुणगुणणारी), आणि शेवटी 'बिको'.

स्टीव्ह बिको हा दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेदविरोधी नेता. १२ सप्टेंबर १९७७ रोजी पोलीस कोठडीतल्या मारहाणीनंतर तो मरण पावला, वय अवघं तीस. गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी दक्षिण आफ्रिकेतलं अंत्ययात्रेचं गायन आहे. मधे एक जड, न बदलणारा ढोल. साडेसात मिनिटं तो ढोल कुठेही जात नाही, चाल धरून नुसता पुढे सरकत राहतो. प्रत्यक्ष कार्यक्रमांत गेब्रिएल हे शेवटी गायचा, शेवटच्या ओळी प्रेक्षकांच्या हाती सोपवून निघून जायचा, मागोमाग एकेक वादक उठायचा आणि ड्रम सर्वांत शेवटी थांबायचे. याची एखादी चित्रफीत पाहा. अटलांटिक या अमेरिकी कंपनीनं हा अल्बम नाकारला होता. ब्रिटनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला.

तिसरी पायरी: चौथा अल्बम आणि एक कर्ज

१९८२ चा चौथा अल्बम अवघड आहे. पहिल्यांदा आवडला नाही तर महिनाभर ठेवून द्या, काही बिघडत नाही. फेअरलाइट नावाचं तेव्हा नवंकोरं आणि भयंकर महागडं यंत्र इथे सगळीकडे आहे. कुठलाही आवाज मुद्रित करायचा आणि मग तो पट्ट्यांवर पेटीसारखा वाजवायचा. 'रिदम ऑफ द हीट' या गाण्याच्या शेवटाकडे यंत्र बाजूला होतं आणि घानाच्या परंपरेतले ढोल सुटतात. तिथे आवाज वाढवा. 'शॉक द मंकी' हे प्राण्यांच्या छळाबद्दल नाही, मत्सराबद्दल आहे. मीसुद्धा बरीच वर्षं चुकीचं समजत होतो. 'वॉलफ्लॉवर' मात्र अगदी साधं, राजकीय कैद्यांसाठीचं गाणं. सुरुवात त्यानं केली तरी चालेल.

याच वर्षी त्यानं जगभरचे कलाकार एकत्र आणणारा 'वोमॅड' महोत्सव सुरू केला. कलाकार अप्रतिम होते, पण आर्थिक हिशेब पार कोसळला. तेव्हा धावून आले ते जेनेसिसचे जुने सोबती. २ ऑक्टोबर १९८२ रोजी मिल्टन कीन्सला ते सगळे त्याच्याबरोबर एका संध्याकाळपुरते पुन्हा उभे राहिले आणि त्या पैशांतून कर्ज फिटलं. बँड सोडून सात वर्षं झाली होती.

चौथी पायरी: 'पॅशन'

आपल्या कानांना हा अल्बम सर्वांत लवकर आपलासा होईल. येशूवरच्या मार्टिन स्कोर्सेसीच्या चित्रपटासाठी केलेलं हे संगीत १९८९ साली गेब्रिएलच्या स्वतःच्या 'रिअल वर्ल्ड' या संगीत कंपनीकडून निघालं. यात तो जवळजवळ गातच नाही. म्हणजे गायकानं गाणं सोडलं! शीर्षकगीतात नुसरत फतेह अली खान आलाप घेतात, आणि दुहेरी व्हायोलिनवर एल. शंकर आहेत (सतारवाले रविशंकर वेगळे, बाहेरच्या लोकांची नेहमी गफलत होते). घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर हा अल्बम त्यांच्यासोबत लावा. माझ्या आईला रॉक अजिबात चालत नाही. हे लावलं तेव्हा तिनं भाजी निवडता निवडता हात थांबवून विचारलं, "हे कोण गातंय?" आवडलं तर लगोलग नुसरत यांचा १९९० चा 'मस्त मस्त' ऐका, तोही 'रिअल वर्ल्ड'चाच.

भारताशी त्याचं नातं एवढ्यावर थांबत नाही. अ‍ॅम्नेस्टीच्या मानवी हक्क दौऱ्यात ३० सप्टेंबर १९८८ रोजी तो ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, ट्रेसी चॅपमन आणि यूसू एनदूर यांच्यासह दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये गायला होता.

पाचवी पायरी: 'अस', पण मंचावरचा

१९९२ चा 'अस' लग्न मोडल्यानंतरचा आहे. तो बापाचा, नवऱ्याचा, चुकलेल्या माणसाचा आवाज आहे. अल्बम चांगला आहे, पण थरावर थर इतके की कधीकधी गुदमरायला होतं. म्हणून मी म्हणेन, आधी इटलीतल्या मोदेना इथे १९९३ साली चित्रित झालेला 'सीक्रेट वर्ल्ड लाइव्ह' पाहा. 'कम टॉक टू मी' हे दुरावलेल्या मुलीला साद घालणारं गाणं. मंचाखालून लाल टेलिफोन बूथ वर येतो, आत गेब्रिएल रिसीव्हर धरून गातोय. मग तो तसाच बाहेर पडतो, तार ताणली जाते, आणि पलीकडे गाणाऱ्या पॉला कोलपर्यंत पोचायला तो अंगातलं सगळं बळ लावून तार ओढतो. वस्तू एकच, तार, पण संपूर्ण गाणं तिच्यात आहे. ते पाहून झाल्यावर मूळ अल्बम लावा, आता गुदमरणार नाही.

व्हायोलिनवर इथेही शंकर आहेत. बेसवर टोनी लेव्हिन, जो १९७७ पासून आजतागायत सोबत आहे. त्याचा बेस नुसता ऐकत एक अल्बम संपवला तरी ती संध्याकाळ वाया जाणार नाही.

मग राहिलेले

पहिले दोन अल्बम आता ऐका. 'कार'वर तो सगळीच दारं ठोठावतोय, एका गाण्यात मोठा वाद्यवृंद, एका गाण्यात अमेरिकी 'बार्बरशॉप' धाटणीचं, चार आवाजांचं समूहगायन. त्यातल्या 'हिअर कम्स द फ्लड'वर वाद्यांचं ओझं जास्त झालंय. १९९० च्या 'शेकिंग द ट्री' या संकलनात तेच गाणं जवळपास पियानोच्या साथीवर आहे, ते घ्या. दोन्ही पाठोपाठ लावलीत तर तेरा वर्षांत तो काय टाकायला शिकला ते दहा मिनिटांत कळेल. 'स्क्रॅच'चा निर्माता रॉबर्ट फ्रिप, आणि अल्बम कोरडा, घाईचा. 'मदर ऑफ व्हायोलन्स' ऐका आणि पुढे चला.

२००२ चा 'अप' मृत्यूबद्दल आहे. हेडफोन लावणाऱ्यांनी आवाज आधी कमी ठेवा: 'डार्कनेस' कुजबुजत सुरू होतं आणि अचानक स्फोट होतो, कान दुखतील. 'सिग्नल टू नॉइज'मध्ये नुसरत यांचा आवाज पुन्हा भेटतो. ते १९९७ मध्येच गेले होते, हे माहीत असलं की तो आलाप वेगळा ऐकू येतो. २०१० च्या 'स्क्रॅच माय बॅक'मध्ये दुसऱ्यांची गाणी आहेत, वाद्यवृंद आहे, ड्रम आणि गिटार वर्ज्य. हा पावसाळी दुपारी लावायचा अल्बम आहे.

पौर्णिमेपौर्णिमेनं 'आय/ओ'

'अप'नंतर नव्या गाण्यांचा अल्बम यायला एकवीस वर्षं लागली. गेब्रिएल त्र्याहत्तर वर्षांचा झाला होता. २०२३ मध्ये त्यानं दर पौर्णिमेला एक गाणं बाहेर काढलं. पहिलं ६ जानेवारीला, म्हणजे आपली शाकंभरी पौर्णिमा. त्या वर्षी अधिक श्रावण होता, ऑगस्टमध्ये दोन पौर्णिमा पडल्या, त्यामुळे नोव्हेंबरअखेर बारा गाणी भरली आणि १ डिसेंबरला अल्बम आला. तिथी पाहून नवं गाणं ऐकायचं, हे इंग्लंडातल्या रॉक गायकामुळे माझ्या वाट्याला येईल असं कधी वाटलं नव्हतं.

प्रत्येक गाण्याची दोन रूपं आहेत. 'ब्राइट साइड'चं मिश्रण स्पाइक स्टेंटचं, 'डार्क साइड'चं चॅड ब्लेकचं. अ‍ॅपवर सगळी एका रांगेत दिसतात आणि नवखा माणूस दोन तास तीच गाणी दोनदा ऐकून कंटाळतो. तसं करू नका. आधी फक्त ब्राइट, आठवड्यानं फक्त डार्क. 'फोर काइंड्स ऑफ हॉर्सेस' मला अंधारातलं आवडतं.

'अँड स्टिल' हे आईच्या आठवणीचं गाणं आलं २८ ऑक्टोबरला, कोजागिरीला. त्या रात्री खंडग्रास चंद्रग्रहणही होतं. आम्ही गच्चीवर दूध आटवलं नाही त्या वर्षी, पण फोन कठड्यावर ठेवून गाणं लावलं. शांत, आवाज न चढवता गायलेलं, कुठेही दुःख दाखवण्याचा सोस नाही. तुम्ही ऐकाल तेव्हा कुठलीही रात्र चालेल, फक्त मधे थांबवू नका.

एवढं झालं की मागे वळा आणि जेनेसिसच्या १९७२ च्या 'फॉक्सट्रॉट'वरचं 'सपर्स रेडी' लावा. तेवीस मिनिटांचं आहे. झांजा भरपूर आहेत, शब्द भरपूर आहेत, कोल्ह्याचं डोकं घालणारा बावीस वर्षांचा मुलगा जिवाच्या आकांतानं गातोय. आता तुम्हाला प्रत्येक वाद्य सुटं ऐकू येईल, आणि पुढे त्यानं त्यातलं कोणतं ठेवलं नि कोणतं टाकलं हेही.